गावातला मनोरा आणि फडातला माणूस

दसरा उलटला की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील गावे हळूहळू रिकामी होऊ लागतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील वाड्या-तांड्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. कोपीचे बांबू आणि चटया, पत्र्याची पेटी, पाण्याचा पिंप, चार भांडी, धान्याचे पोते, एखादी शेळी आणि तिच्या शेजारी लेकरे त्यांत चढवली जातात. पुढचे पाच-सहा महिने हा संसार सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर किंवा कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांत उसाच्या फडांच्या कडेला मांडला जातो आणि तेथला ऊस संपला की उचलून पुढे नेला जातो. या सामानात गेल्या दहा वर्षांत एका वस्तूची भर पडली. ती म्हणजे इंटरनेट चालणारा मोबाईल. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे दर कोसळले, आणि ज्या घरात वीज धड येत नव्हती त्या घरातही हे यंत्र शिरले.

अलीकडे शहरांतील काही हौशी कुटुंबे घरासारखी सजवलेली मोटार घेऊन महिनोन्‌महिने देश हिंडतात, आणि मुक्कामाच्या जागी इंटरनेट मिळेल की नाही ही त्यांची मोठी विवंचना असते. दोन कंपन्यांची सिमकार्डे, टपावर बसवलेला अँटेना, बॅटरीला जोडलेले सौर पत्रे असा सगळा जामानिमा ते बरोबर बाळगतात. बीड जिल्ह्याला चाकावरचा संसार नवा नाही. येथून काही लाख माणसे दर हंगामात असाच मुक्काम बदलत राहतात. फरक इतकाच की हौशी प्रवाशाचे इंटरनेट गेले तर त्याचे काम खोळंबते, आणि कोयत्याचे गेले तर त्याचे हक्क खोळंबतात. (ऊसतोडीच्या व्यवहारात कोयता म्हणजे अवजार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. तिची मोजदादही ‘एक कोयता’ अशीच होते.)

हक्क आणि रेंज यांचा संबंध कसा जडला हे नीट समजून घेतले पाहिजे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, बीड शहरात अहिल्यानगरहून येणारी रेल्वे एकदाची सुरू झाली. कित्येक दशके जी मागणी निवडणुकीपुरती जागी होत असे ती पुरी झाली, याचा आनंद जिल्ह्याला होणे स्वाभाविक होते. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १८ सप्टेंबरला, राज्य शासनाने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या लाभार्थी महिलांना ई-केवायसी सक्तीची केली. दरमहा १,५०० रुपये पुढेही हवे असतील तर दोन महिन्यांत संकेतस्थळावर जाऊन आधारची पडताळणी करावयाची होती. म्हणजे मुदत १८ नोव्हेंबरची. त्या महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टीने पिके आणि माती दोन्ही वाहून गेली होती. पुढे गाळप हंगाम १ नोव्हेंबरला सुरू व्हावयाचा होता. म्हणजे बीडमधील ज्या बाईला हे पैसे सर्वांत निकडीचे होते, ती मुदतीच्या शेवटच्या पंधरवड्यात कोणत्या तरी परक्या शिवारात मोळ्या बांधत असणार, हे कॅलेंडरवर नुसती नजर टाकली असती तरी कळले असते.

पडताळणीची रीत अशी होती की एक ओटीपी बाईच्या आधारशी जोडलेल्या क्रमांकावर येणार आणि दुसरा तिच्या नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारशी जोडलेल्या क्रमांकावर. शहरातील घरात हे दहा मिनिटांचे काम. फडात त्यासाठी चार गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. फोन चार्ज असला पाहिजे, त्यात रिचार्ज असला पाहिजे, संकेतस्थळ उघडेल इतकी रेंज असली पाहिजे, आणि आधारला जोडलेला क्रमांक त्याच फोनमध्ये जिवंत असला पाहिजे. यांतील एक दुवा निखळला तरी ओटीपी काही मिनिटांत निरुपयोगी होतो. पुढे मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवण्यात आली. ओरड झाली म्हणून ती वाढली हे बरेच झाले. पण डिसेंबर हा तर हंगामाचा ऐन भर. मुदतवाढ मिळाली ती गावात असणाऱ्यांना. फडात असणाऱ्यांच्या दृष्टीने परिस्थिती होती तशीच राहिली.

रेशनचे प्रकरण याहून जुने. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ ही कल्पना उत्तम आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात तिचा प्रारंभ झाला आणि २०२२ पर्यंत ती सर्व राज्यांत पोहोचली. तिच्यामुळे पाटोद्याचे कार्ड असलेला मजूर कराडजवळच्या दुकानातून धान्य घेऊ शकतो. मागे राहिलेले म्हातारे आईबाप आपल्या वाट्याचे धान्य गावातच उचलू शकतात. कागदावर यात उणीव काढण्यासारखे काही नाही. परंतु दुकानातील ई-पॉस यंत्रावर अंगठा लावल्यानंतर त्या यंत्राला दूरच्या संगणकाशी बोलावे लागते, आणि तेथे रेंजचा पत्ता नसला की दुकानदार ‘उद्या या’ म्हणतो. शेतमालकाच्या बांधावरून दुकानापर्यंत जाऊन रिकाम्या पिशवीने परतायचे म्हणजे एका दिवसाची तोड बुडवायची. शिवाय कोयता धरून धरून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्याचा अंगठा यंत्राला सहजी ओळखू येत नाही, हा भाग निराळाच.

ई-पीक पाहणीची गोष्ट तर विनोदी म्हणावी इतकी विसंगत आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाईलवरून, शेतात उभे राहून, छायाचित्रासह करावयाची आहे. बीडचा ऊसतोड मजूर हा बहुधा दोन-चार एकर कोरडवाहूचा मालकही असतो. पावसाळ्यात शेतकरी आणि हिवाळ्यात मजूर. खरिपाच्या वेळी तो घरी असतो, तेव्हा काम भागते. रब्बीची ज्वारी मात्र भावाच्या किंवा म्हाताऱ्या बापाच्या भरवशावर असते आणि ॲप ज्या फोनमध्ये आहे तो फोन शेतापासून तीनशे किलोमीटरवर. पीक विम्यात ‘बीड पॅटर्न’ म्हणून ज्या जिल्ह्याचे नाव देशभर गाजले त्याच जिल्ह्यातील शेतकऱ्याला आपल्या शेतात हजेरी लावता येऊ नये, याला काय म्हणावे?

आता रेंज का मिळत नाही याचा विचार करू गेल्यास, दोष केवळ कंपन्यांच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. मोबाईलचा मनोरा म्हणजे शिवारभर सारखा उजेड पाडणारा सूर्य नव्हे. त्याच्या लहरींपैकी ७००, ८०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात, पण त्यांची वाहून नेण्याची ताकद मर्यादित असते. २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी पुष्कळ डेटा वाहतात, पण लवकर दमतात. मनोरे उभे राहतात ते गावठाणात, रस्त्याच्या कडेला, बाजारपेठेजवळ, म्हणजे गिऱ्हाईक बारमाही आहे तेथे. ऊसतोडीची टोळी उतरते ती शिवाराच्या टोकाला. त्यात ऊस हे पीक असे की दहा-बारा फूट उंच आणि पाण्याने भरलेले. ओल्या पानांची दाट भिंत लहरी शोषून घेते. चारी बाजूंनी उभ्या उसाच्या मधल्या मोकळ्या तुकड्यात कोपी बांधली की फोनवरच्या रेघा एकेक करून नाहीशा होतात. ऊस तुटत जातो तशी रेंज सुधारते. आणि ती बऱ्यापैकी आली की फड संपलेला असतो आणि टोळी पुढच्या शिवाराला निघालेली असते.

कारखान्याजवळच्या गाडीतळावर अडचण वेगळी असते. तेथे मनोरा दिसतो, रेंजही दिसते, पण काम होत नाही. गावच्या पाच-सात हजार लोकसंख्येच्या हिशेबाने बसवलेल्या यंत्रणेवर हंगामात हजारो माणसांचा भार अचानक येऊन पडतो. त्यातून सर्वांचा मोकळा वेळ एकच: रात्री आठ ते नऊ. दिवसभर कोयता चालवून आलेली प्रत्येक आई त्याच तासाला गावाकडे फोन लावते, कारण शाळेसाठी आजीपाशी ठेवलेले मूल त्यानंतर झोपी जाते. चित्र थिजते, आवाज तुटतो, आणि ‘हॅलो, हॅलो’ करण्यातच तो तास निघून जातो. मुले मागे ठेवावीत, शाळा सोडवू नये, म्हणून शासनाने हंगामी वसतिगृहे काढली आणि संत भगवानबाबा यांच्या नावाने कायम वसतिगृहांची योजनाही आखली, हे योग्यच झाले. पण मूल मागे ठेवण्याचे धैर्य आईला यायचे तर त्याचा चेहरा रोज दिसला पाहिजे. शिक्षण खात्याच्या कोणत्याही परिपत्रकापेक्षा हा एक फोन मुलांना शाळेत अधिक टिकवून धरतो.

विजेचा प्रश्न आहेच. कोपीला वीज नसते. फोन चार्ज होतो तो शेतमालकाच्या मोटारीच्या पेटीवर, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर किंवा सौर दिव्याच्या पत्र्यावर. मालक बरा असला तर हरकत घेत नाही. पण पाच-पंचवीस फोन एका पेटीवर लागले की बरा मालकही कुरकुरतो.

रिचार्जचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि हाताने तोडलेल्या उसाला टनामागे सुमारे ३६६ रुपये मिळू लागले. त्याच वर्षीच्या जुलैत खासगी मोबाईल कंपन्यांनी आपले दर वाढवले. रोज दीड जीबी डेटा देणारा अठ्ठावीस दिवसांचा पॅक तीनशे ते साडेतीनशे रुपयांच्या घरात गेला. म्हणजे एका फोनसाठी महिन्याला जवळजवळ एक टन ऊस तोडावा, बांधावा आणि गाडीत भरावा लागतो. त्यातही मजुरीचा पैसा हाती येत नाही. तो आधीच घेतलेल्या उचलीत वळता होतो. हातात खेळतात ते वाढे विकून आलेले पैसे, आणि त्यांवर मीठ-मिरचीपासून दवाखान्यापर्यंत सर्वांचा डोळा असतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ बोलण्याचे आणि एसएमएसचे पॅक देण्याची सक्ती कंपन्यांवर केली, त्यांची वैधता वर्षभरापर्यंत ठेवण्याची मुभा दिली. साध्या फोनवाल्यांना तो दिलासा होता. पण शासनाने ज्या कामांसाठी मजुराला फोनकडे वळवले आहे ती संकेतस्थळावरची कामे अशा पॅकवर होत नाहीत.

हा भुर्दंड घरात कोणावर पडतो तेही पाहिले पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात सुमारे ५४ टक्के होते. घरात दोन रिचार्जचे पैसे नसले की बंद पडतो तो बाईचा क्रमांक. वापरच नसलेले सिम काही महिन्यांनी रद्द होते आणि तोच क्रमांक पुढे दुसऱ्या कोणाला दिला जातो. आधारला मात्र तो तिच्याच नावाने जोडलेला राहतो. मग बीडच्या बाईचा ओटीपी भलत्याच कोणाच्या तरी फोनवर वाजतो.

‘फोन मिळाला की ही मंडळी रील पाहत बसतात’ अशी तक्रार कारखान्यांच्या परिसरात हमखास ऐकू येते. पाहत असतील. पहाटे चारला उठून अंधारात मोळ्या वाहणाऱ्या माणसाने रात्री अर्धा तास करमणूक केली तर त्यात कोणाचे काय बिघडले? हा आक्षेप सजवलेल्या मोटारीतून फिरणाऱ्यावर कोणी घेत नाही. शिवाय त्याच फोनवरून मजूर दुसऱ्या कारखान्याचा दर विचारतो, काट्यावरच्या पावतीचे छायाचित्र काढून ठेवतो, बायकोला कळा सुरू झाल्या की १०८ ला हाक मारतो. उचल फिटली नाही म्हणून टोळी अडवून ठेवल्याच्या तक्रारी या धंद्याइतक्याच जुन्या आहेत. अशा वेळी बाहेर जाणारा एक फोन सुटकेचा मार्ग ठरतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा लाखाहून अधिक मजूर पश्चिम महाराष्ट्रात अडकून पडले होते. १७ एप्रिलला शासनाने त्यांना परतण्याची परवानगी दिली. तोवरच्या तीन-साडेतीन आठवड्यांत कोपी आणि गाव यांच्यामधला एकच धागा शाबूत होता, आणि तो मोबाईलचा.

मग शासन काहीच करीत नाही काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. जुलै २०२२ मध्ये केंद्राने मोबाईलपासून वंचित अशा २४,६८० गावांत फोर-जी पोहोचवण्याच्या २६,३१६ कोटी रुपयांच्या योजनेला मान्यता दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचे लोकार्पण झाले. नव्या सेवादर्जा नियमांनुसार कंपन्यांना आपल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात. या सर्वांमागे जे एकक आहे ते मात्र एकच: गाव. गावात मनोरा लागला की ते गाव ‘व्यापले गेले’ असे धरले जाते. ऊसतोड मजूर हंगामात कोणत्याच गावात नसतो. त्याचे स्वतःचे गाव व्यापलेले असते, पण तेथे तो नाही. ज्या गावाच्या शिवारात तो आहे तेही व्यापलेले असते, पण ते गावठाणापुरते. दोन्ही हिशेब बरोबर आणि माणूस मात्र बेरजेबाहेर. आणि नकाशाचे म्हणाल तर तो पाहून फड निवडण्याची सोय कोयत्याला नाही. मुकादम नेईल तेथे त्याला जायचे असते.

‘फिरत्या माणसामागे यंत्रणा कोठे कोठे फिरवावी’ हा सवाल यावर नेहमी केला जातो. तो वरवर बिनतोड वाटतो. पण ऊसतोड मजूर हा काही बेपत्ता भटक्या नव्हे. आज कोणती टोळी कोणत्या गावच्या कोणत्या गटात तोड करीत आहे आणि दहा दिवसांनी ती कोठे असेल, हे साखर कारखान्याच्या शेतकी खात्याला तंतोतंत ठाऊक असते. उसाच्या नोंदी, तोडणीचा कार्यक्रम, चिटबॉयच्या चिठ्ठ्या, वाहनांच्या खेपा हे सर्व आज संगणकावर आहे. महाराष्ट्रात इतक्या काटेकोर वेळापत्रकाने स्थलांतर करणारा दुसरा समाज दाखवता येणार नाही. उसाचा शोध लागतो, गाडीचा लागतो. मजुराचा तेवढा लागत नाही, हे पटण्याजोगे नाही.

म्हणून जबाबदारी प्रथम कारखान्यांनी उचलली पाहिजे. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले. तेव्हापासून कारखान्यांनी सभासदांसाठी शाळा, दवाखाने, उपसा सिंचन, अभियांत्रिकी महाविद्यालये उभारली. त्या वैभवात तोडणी करणाऱ्याचा वाटा गाडीतळावरच्या नळापलीकडे फारसा गेला नाही. गाडीतळ आणि मोठ्या कोपीवस्त्या येथे सौर चार्जिंगची टपरी आणि सार्वजनिक वायफाय बसवणे हे वर्षाकाठी कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या संस्थेला जड नाही. सार्वजनिक वायफायची ‘पीएम-वाणी’ योजना डिसेंबर २०२० पासून अस्तित्वात आहे; तिच्याखाली किराणा दुकानदारही परवान्याच्या कटकटीवाचून इंटरनेट विकू शकतो. कारखान्यापर्यंत तारेचे इंटरनेट पोहोचलेलेच असते. प्रश्न शेवटच्या दोन फर्लांगांचा आहे.

पैशाचीही सबब चालण्यासारखी नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यावेत आणि तितकीच भर शासनाने घालावी, असे ठरले आहे. २०२३-२४ च्या हंगामात राज्यात सुमारे १,०७० लाख टन ऊस गाळला गेला. त्या मानाने कारखान्यांचा वाटा पूर्ण वसूल झाला तर तो एका हंगामात शंभर कोटींच्या वर जातो. त्यातील एक कोपरा यासाठी पुरेल.

कंपन्यांकडूनही काही मागता येईल. सरकारी निधीतून उभारलेल्या मनोऱ्यांवर कोणत्याही कंपनीच्या ग्राहकाला सेवा मिळावी, अशी व्यवस्था जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. हंगामाच्या सहा महिन्यांपुरती कारखान्यांच्या कार्यक्षेत्रातील सर्वच मनोऱ्यांवर ती का लागू करू नये? ज्या कंपनीचे सिम आहे तिचा मनोरा नसला तरी शेजारचा दुसऱ्या कंपनीचा उपयोगी पडेल, आणि बीडहून निघताना घेतलेले सिम अथणीत किंवा चिकोडीत मुके होणार नाही. प्रयागराजच्या २०२५ च्या कुंभमेळ्यात कंपन्यांनी चाकांवरचे मनोरे नेऊन उभे केले होते. मेळा काही आठवड्यांचा असतो, गाळप काही महिन्यांचे. उपग्रहावरून इंटरनेट देण्याचा परवाना स्टारलिंकला जून २०२५ मध्ये मिळाला, त्यावर आशा लावून बसणारेही आहेत. सजवलेल्या मोटारीच्या टपावर ती तबकडी शोभेल, कोपीच्या चटईवर ती इतक्यात चढणार नाही.

शासनाच्या हाती असलेली गोष्ट मात्र बिनखर्चाची आहे. पडताळणी, नोंदणी, नूतनीकरण यांच्या मुदती जून ते सप्टेंबर या काळात, मजूर गावी असताना, संपतील अशा ठेवाव्यात. हंगामात काही करून घ्यावयाचेच असेल तर तलाठी आणि ग्रामसेवक यांनी गावात वाट पाहत बसण्याऐवजी महामंडळाच्या शिबिरांनी कारखान्यावर जावे. तेथे अंगठ्याचे यंत्र आणि भरवशाचे इंटरनेट घेऊन बसावे, आणि तेही बाजारच्या दिवशी किंवा कारखाना बंद असेल त्या दिवशी. निवडणुकीच्या वेळी मतदाराला आणण्यासाठी उमेदवार गाड्या पाठवतात. २० नोव्हेंबर २०२४ ची विधानसभेची निवडणूक ऐन हंगामाच्या तोंडावर आली, तेव्हा कोणत्या टोळ्या कोठे आहेत याची माहिती बीडच्या राजकारण्यांना कमी पडली नव्हती.

जानेवारी २०२४ चा दरवाढीचा करार तीन वर्षांसाठी झाला होता. त्याच्या नूतनीकरणाच्या वाटाघाटीत टनामागचा दर आणि मुकादमाचे कमिशन यांवर रात्री जागवल्या जातील, आणि जागवल्या जाव्यातही. त्याच कराराच्या मसुद्यात गाडीतळावर वीज, चार्जिंग आणि इंटरनेट पुरवण्याचे कलम मजूर संघटनांनी आग्रहाने घालून घ्यावे. साखर संघाने त्याला विरोध केलाच तर तो कोणत्या कारणासाठी करतो, हे बीड जिल्ह्याला एकदा उघड ऐकायला मिळेल.